शुभमंगल... एक्स्पोजर सावधान!

लग्नसराई सुरू झाली की प्रत्येक घरात एक ‘अरे, तू शूट कर ना’ असतो. आमच्याकडे तो मी. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शनिवार-रविवार हळद, मुंज, डोहाळजेवण! हॉलचा व्हिडिओवाला असतोच, पण घरच्यांना हवे असलेले क्षण टिपायचं खातं माझ्याकडे. तर मंडळी, आजचा फंडा एकच : ऑटो मोडवर आंधळा भरवसा नको.

ऑटोचा लोचा काय? कॅमेऱ्याला उजेड मोजता येतो आणि समोरचं सगळं सरासरीने मधल्या करड्या छटेपाशी आणायची त्याला खोड असते. नवे कॅमेरे चेहरा ओळखतात, पण चेहरा झाकला गेला की त्यांचीही तीच तऱ्हा. समजा, तुम्ही नवरदेवाच्या मागून शूट करताय आणि फ्रेमभर पांढराशुभ्र अंतरपाट आहे. कॅमेरा म्हणतो, बाप रे, केवढा उजेड! आणि सगळं अंधारून टाकतो. मग ‘सावधान’ होतं, अंतरपाट बाजूला जातो, दोघं एकमेकांकडे बघतात आणि नेमकं तेव्हाच चित्र हळूहळू उजळत असतं. अंतरपाटाला रीटेक नाही, बॉस!

उपाय सोपा आहे. नवरी यायच्या आधी तिच्या जागी एखाद्या करवलीला उभं करा. आयफोनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की एई/एएफ लॉक होतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवरही तसंच. मग समोर अंतरपाट येवो नाहीतर फुलांचा पाऊस, उजेड हलत नाही.

स्वतंत्र कॅमेरा असेल तर थेट मॅन्युअल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून २५ फ्रेम्सला शटर १/५० ठेवा. १/६० केलंत तर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. शटर असं बांधलेलं असल्याने उजेड कमी-जास्त करायला अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हेच उरतात. आणि वरात भर उन्हात असेल तर? कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१०० असताना साधारण एफ/१६ लागतं. तुम्हाला १/५० आणि एफ/४ हवंय, म्हणजे पाच स्टॉप, ३२ पट जास्त उजेड! त्यासाठी एनडी ३२ फिल्टर. कॅमेऱ्याचा गॉगलच तो.

आता जरा सीरियस. माझ्या मावसबहिणीने तिच्या लग्नाचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, “छान आहे रे, पण ही कोण?” व्हिडिओवाल्याने एक्स्पोजर इतकं चढवलं होतं की आमची सावळी, देखणी ताई पिठात घोळल्यासारखी दिसत होती. शालूची जर गेली, गालावरची हळदही गेली. एकदा पूर्ण पांढरं जळलेलं चित्र कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

ही खोड जुनी आहे. रंग जुळवायला कोडॅक लॅबना जी ‘शर्ली’ कार्डं देई, त्यांवर कित्येक वर्षं गोऱ्या बायकाच असत. गूगलने पिक्सेल ६ मध्ये ‘रिअल टोन’ आणलं ते २०२१ साली. कॅमेऱ्यातला झेब्रा ७० वर लावून चेहऱ्यावर पट्टे आणायचे, हा नियमही गोऱ्या कातडीचा. सावळा चेहरा त्याच्या खालीच ठेवा. मी झेब्रा १०० वर लावतो; दागिन्यांच्या चमकेवर पट्टे आले तर चालतात, कपाळावर आले की उजेड उतरवतो.

पार्लरमध्ये काय करायचं ते नवरी ठरवेल. आपण तिला ती आहे तशी दाखवायची. वीस वर्षांनी तिची मुलगी हा व्हिडिओ बघेल, तेव्हा तिला त्यात आपली आई दिसली पाहिजे!