दृष्टी ६/६, तरी वही अपूर्ण

शाळेतून शेरा येतो, 'वही अपूर्ण. पालकांनी लक्ष द्यावे.' आई वही उघडून पाहते, तर फळ्यावरची दहा वाक्ये सहावर थांबलेली. सहाव्या वाक्यात चौथ्यातला एक शब्द घुसलेला. "बाईंनी फळा पुसला," मुलगी सांगते. मग बाकीच्यांचे कसे पूर्ण झाले, या प्रश्नावर ती गप्प. डोळे तपासून घेतले, तर दृष्टी ६/६. झाले! 'आळशी' हा शिक्का पक्का होतो आणि आजीही म्हणू लागते, "टीव्ही पाहताना बरे दिसते हिला!"

आजीचे निरीक्षण खोटे नाही. ६/६ म्हणजे एवढेच की, सहा मीटरवरचे अक्षर डोळ्यांना स्पष्ट दिसते. दिसलेल्याचा अर्थ लावण्याचे काम मेंदूचे. तांदूळ निवडताना पांढऱ्या दाण्यांतून पांढरा खडा अचूक टिपणारी नजर हे त्याचेच घरगुती उदाहरण. काही मुलांना गच्च छापलेल्या पानावर हवा तो शब्द सापडत नाही, तसाच कपाटात समोर पडलेला मोजाही सापडत नाही.

फळ्यावरून उतरवून घेणे मोठ्यांना सोपे वाटते. प्रत्यक्षात वर पाहायचे, शब्द लक्षात धरायचा, मान खाली घालायची, वहीतली जागा शोधायची, लिहायचे आणि पुन्हा फळ्यावर नेमक्या त्याच ठिकाणी परतायचे. ज्याच्या लक्षात एका वेळी पूर्ण शब्द राहतो, त्याचे पाच शब्दांचे वाक्य पाच खेपांत होते. ज्याच्या लक्षात एकच अक्षर राहते, त्याला पंधरा खेपा पडतात. त्यात ओळ चुकली की संपलेच. गणितात हातचा भलत्याच घरात पडतो. बेरीज येत असूनही उत्तर चुकते.

देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांत फरक तो केवढासा! ३ आणि ६ तर जणू एकमेकांची आरशातली रूपे. सहा-सात वर्षांपर्यंत अशी उलटापालट पुष्कळ मुले करतात, तेवढ्याने घाबरू नये. 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिणाऱ्या मुलाची नजर दोषी असतेच असेही नाही. मराठीत सात आधी उच्चारला जातो, वीस मागाहून. हात बिचारा कानाचे ऐकतो.

आईला घरी एक पडताळा घेता येईल. धड्यातली पाच वाक्ये मुलीला पुस्तक पाहून लिहायला द्यावीत आणि तेवढ्याच अवघड दुसऱ्या पाच वाक्यांचे शुद्धलेखन घालावे. ऐकून लिहिलेले बरे आणि पाहून लिहिलेले विस्कळीत असेल, तर अडचण पाहण्याच्या बाजूची असण्याचा संभव अधिक. हे निदान नव्हे. ते बालरोगतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांच्याकडूनच करून घ्यावे. जवळचे दिसणे व ऐकणेही आधी तपासावे.

ठिपक्यांची रांगोळी, चित्रांचे तुकडे जुळवणे, मिसळलेली कडधान्ये निवडणे हे खेळ जरूर खेळावेत. मुलांना ते आवडतात. पण रांगोळीने हात रांगोळीत बसेल, वाचन मात्र वाचूनच येईल. महागड्या 'डोळ्यांच्या व्यायामां'च्या मागे तर मुळीच लागू नये. वाचनदोष मुख्यतः भाषेतील ध्वनींशी निगडित असतो आणि तो अशा व्यायामांनी बरा होतो याला पुरेसा आधार नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे सांगितले आहे.

त्यापेक्षा साध्या सोयी लगेच उपयोगी पडतात. बेरजेसाठी चौकटींची वही, एकच ओळ दिसेल अशी खाच कापलेला पुठ्ठा, पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचा मजकूर जवळ कागदावर. वाचन-लेखनातील अशी अडचण 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' ठरली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलतीही मिळू शकतात.

शेरा लिहिणाऱ्या बाईंना मात्र ती दोन्ही पाने आधी दाखवावीत. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात त्यांना ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची वेळच आलेली नसते.