कायदा मोकळा, माणूस कोंडलेला

१९१२ च्या ब्रिटिश कायद्याने ज्याला 'ल्युनॅटिक' म्हटले, त्याला १९८७ च्या कायद्याने 'मनोरुग्ण' म्हटले. कोंडण्याची वाट मात्र तीच राहिली. पतीने वा नातेवाइकाने अर्ज करावा, दंडाधिकाऱ्याने हुकूम द्यावा आणि माणूस येरवड्याच्या भिंतीआड जमा व्हावा! नकोशी झालेली पत्नी, वाटणी मागणारा भाऊ, यांचा परस्पर निकाल लावण्यास ही वाट फार सोयीची होती.

२९ मे २०१८ रोजी अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती अडवली, हे निःसंशय मोठे काम झाले. आता इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर मुदत ३० दिवसांची; पुढे पुनर्विलोकन मंडळाची परवानगी हवी. स्त्रीला दाखल केल्यास ३ दिवसांत मंडळाला कळवावे लागते. साखळदंडांना बंदी आहे. या कायद्याच्या घडणीत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील डॉ. सौमित्र पठारे यांचा वाटा आहे, हे पुणेकरांना भूषणावह आहे.

पण याच पुण्यात बापू ट्रस्टच्या दिवंगत भार्गवी दवार सांगत राहिल्या की, सक्तीने डांबणे हेच मुळात भारताने २००७ साली मान्य केलेल्या अपंग हक्क कराराशी विसंगत आहे. आत्मघाताच्या काठावरील माणसाला रोखणे आम्हांस अन्याय वाटत नाही. तेवढ्यापुरते आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. मात्र कायद्यातील 'स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ' हे शब्द पाहा. बंगल्यातील माणसाची असमर्थता चार नोकर झाकतात. पदपथावरील माणसाची असमर्थता पोलिसाला दिसते, आणि त्याला ताब्यात घेण्याचे कर्तव्य कलम १०० ने पोलिसावरच सोपवले आहे. कायदा सर्वांना समान असतो तो असा!

आणि आत गेलेल्याने बाहेर यावे कुठे? कलम १९ म्हणते, केवळ कुटुंब नाही, घर नाही वा समाजात सोय नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. ती सोय सरकारने 'वाजवी कालावधीत' करावयाची आहे. या वाजवी कालावधीत महाराष्ट्र सरकारने काय केले? मनोरुग्णालयांतील माणसे भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. बरा झालेला माणूस हा भिकारी आहे, असे सरकारने कोणत्या कलमान्वये ठरवले होते?

अर्धमार्ग निवास, भाड्याची खोली, औषधे देणारे प्राथमिक केंद्र, हाताला काम: याला पैसा लागतो. हुकमाला लागत नाही. म्हणून कायदे सुधारतात आणि अंदाजपत्रके तशीच राहतात.

पुण्यातील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात तीन अर्ज करावेत. २,५४० खाटांच्या येरवडा रुग्णालयात ३० दिवसांहून अधिक काळ किती माणसे आहेत? त्यांपैकी किती जणांना मंडळाच्या सदस्यांनी प्रत्यक्ष भेटून विचारले? आणि जिल्ह्यात सरकारने अर्धमार्ग निवास किती उभारले? उत्तरे हाती आली की आरोग्यमंत्र्यांच्या दारी जाऊ.