बिनतारी विजेचा पल्ला

कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने समृद्ध झालेल्या आणि २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी तितक्याच निष्ठुरपणे गांजलेल्या शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर आणि केबल पाण्याखाली गेलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तारेवाचून वीज वाहून नेण्याची कल्पना मोहक वाटावी, हे स्वाभाविकच होय. २००७ साली अमेरिकेतील एमआयटीत मारिन सोल्याचिच यांच्या चमूने, एकाच कंप्रतेला जुळविलेल्या तांब्याच्या दोन वेटोळ्यांच्या साहाय्याने, दोन मीटरांवरील ६० वॅटचा दिवा पेटविला खरा. परंतु धाडलेल्या शक्तीपैकी सुमारे ४० टक्केच मुक्कामी पोहोचली. मध्ये आणखी अनुनादी वेटोळी मांडून पल्ला वाढविता येतो, मात्र प्रत्येक टप्पा आपली जकात वसूल केल्यावाचून राहत नाही. वेटोळ्याच्या आकारमानापलीकडे त्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जाते, आणि हा कायदा कोणत्याही सरकारी फर्मानाने बदलणारा नव्हे. म्हणून नदीपासून मळ्यापर्यंत बिनतारी वीज नेण्याची स्वप्ने विकणाऱ्यांपासून (तसे विक्रेते निघतीलच!) सावध राहून, उघड्या धातूच्या जोडाऐवजी बंदिस्त कवचातून काही इंचांवर शक्ती पोहोचविण्याचा प्रयोग पूरमापक यंत्रांसारख्या लहान उपकरणांवर प्रथम व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.