झाकली बाटली सव्वा लाखाची

वर्षाचा शेवटचा रविवार आमच्या घरी एक कपाट आवरण्याचा असतो. दिवाळीच्या साफसफाईत ‘ते तुमचं तुम्ही बघा’ म्हणून जे कपाट सुटते, त्याची पाळी थर्टी फर्स्टच्या तोंडावर येते. जेवणाच्या टेबलावर जुने पेपर अंथरायचे, बाटल्या एकेक करून खाली उतरवायच्या, ओल्या फडक्याने त्यांच्या खांद्यांवरची धूळ पुसायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. यंदा मोजल्या तेव्हा अकरा भरल्या. चार सीलबंद, सात उघडलेल्या. त्या सात जणी टेबलावर ओळीने उभ्या राहिल्या तेव्हा एक गंमत दिसली. सगळ्यांची पातळी जवळपास एकाच रेषेवर थांबली होती, खांद्याखाली चार बोटे. पहिल्या बैठकीत चव कळली, दुसऱ्या बैठकीत खात्री पटली, तिसरी बैठक झालीच नाही.

घरात व्हिस्कीचा संग्रह आहे असे सांगणाऱ्या पुष्कळांच्या कपाटाची खरी स्थिती हीच असावी. आवडलेली बाटली संपते. तिची रिकामी काच भंगारवाल्याकडे जाते, नाहीतर मनीप्लँट लावून बाल्कनीत. मागे उरते ती नावडती. म्हणजे ज्याला आपण कौतुकाने ‘कलेक्शन’ म्हणतो, तो बऱ्याच अंशी फसलेल्या खरेद्यांचा ताळेबंद असतो. नव्या वर्षाच्या निमित्ताने पाहुणे येतील, ‘अरे वा, काय माल जमवलाय!’ म्हणतील आणि यजमान नम्रपणे मान डोलावेल. कौतुक आपल्या चुकांचे चालले आहे, हे त्या खोलीत फक्त त्याला ठाऊक असेल.

या चुका स्वस्तातही होत नाहीत. परदेशातून बाटलीबंद येणाऱ्या मद्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे दीडशे टक्के आयात शुल्क होते. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरचे शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले, म्हणून अनेकांचे डोळे तिकडे लागले. त्याच्याच आदल्या महिन्यात महाराष्ट्र सरकारने देशात तयार होणाऱ्या विदेशी मद्याचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेले होते. अशा वेळी मध्यमवर्गीय नजर वळते ती विमानतळाकडे. भाचा येतोय, जावई येतोय, माणशी दोन लिटर आणता येते. मग बाटली येते, पण ती आणणाऱ्याने चाखलेली नसते आणि मागवणाऱ्यानेही. आपण आंबा हुंगून घेतो, कलिंगड वाजवून घेतो, साडीचा पदर उन्हात धरून बघतो. व्हिस्की मात्र खोक्यावरच्या सोनेरी अक्षरांवर भाळून घेतो आणि मग नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा निघाला की सोनूबाईला दोष देतो.

त्या अक्षरांतही सगळ्यांत आधी डोळा जातो तो आकड्यावर. महाराष्ट्रात व्हिस्की पिणाऱ्याचे वय कायद्याने किमान २५ लागते. बाटलीचे वय विचारण्याची हौस आपली आपण. बारा, पंधरा, अठरा. स्कॉचच्या बाबतीत हा आकडा एवढेच सांगतो, की आतल्या मिश्रणातली सगळ्यांत तरुण व्हिस्कीसुद्धा ओकच्या पिंपात इतकी वर्षे राहिली आहे. पिंप चांगले होते की चारदा वापरून दमलेले, हे तो सांगत नाही. रंगही सांगत नाही, कारण स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने मुभा आहे. तांबूस झाक पाहून ‘काय मुरलेली आहे’ म्हणणारे कित्येकदा जळक्या साखरेचे कौतुक करत असतात.

शिवाय वर्षे सगळीकडे सारखी नसतात. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जाते. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात किंवा बेंगळुरूत देवदूतांनाही तहान जास्त लागते; हाच वाटा दहा टक्क्यांच्या आसपास जातो. या हिशेबाने सहा वर्षांत पिंप जवळपास निम्मे रिकामे. म्हणून बेंगळुरूच्या ‘अमृत’ने २००४ मध्ये ग्लासगोत आपली सिंगल माल्ट मांडली किंवा गोव्यातल्या कुंकळ्ळीची ‘पॉल जॉन’ २०१२ मध्ये ब्रिटनच्या बाजारात उतरली, तेव्हा वयाचा मोठा आकडा दाखवण्याची सोय त्यांना नव्हती. घोटच दाखवावा लागला. परदेशी जाणकारांनी तो मानला. आपल्याकडे मात्र पुष्कळ दिवस ‘वय लिहिलेलं नाही, म्हणजे काहीतरी गडबड’ असेच चालले होते.

जपानचा किस्सा उलट दिशेचा. ब्रिटिश समीक्षक जिम मरे यांनी २०१४ च्या अखेरीस ‘यामाझाकी’च्या एका शेरी-पिंपातल्या व्हिस्कीला जगात पहिली ठरवले आणि जपानी अक्षरे असलेल्या कुठल्याही बाटलीला सोन्याचा भाव आला. पण ‘जपानी व्हिस्की’ म्हणून विकायला ती जपानमध्येच गाळलेली असावी असे बंधन तेव्हा नव्हते. परदेशी व्हिस्की आणून मिसळली तरी चाले. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने स्वतःचे नियम आणले २०२१ मध्ये, आणि जुन्या बाटल्यांना सवलत दिली मार्च २०२४ पर्यंत. मधल्या काळात किती जणांनी स्कॉटलंडचेच पाणी जपानी म्हणून भक्तिभावाने चाखले असेल, देव जाणे.

भक्तिभावाने चाखले, हेच महत्त्वाचे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी काही जणांना एकच वाइन दोनदा पाजली. एकदा किंमत १० डॉलर सांगितली, एकदा ९०. नव्वदची वाइन लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणात सुखाची जाणीव टिपणारा भागही खरोखर जास्त चेतलेला दिसला. म्हणजे ते शिष्टपणा करत नव्हते; किंमत त्यांच्या जिभेपर्यंत पोचली होती. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका चिनी पाहुण्याने १८७८ सालच्या ‘मॅकॅलन’ स्कॉचचा एक पेग ९,९९९ फ्रँक मोजून घेतला. पुढे शंका आली, नमुना ऑक्सफर्डला गेला. कार्बनच्या कसोटीवर ती व्हिस्की बहुधा १९७० ते १९७२ च्या दरम्यानची निघाली, आणि वेगळ्या तपासणीत सिंगल माल्टही नव्हे, साधी ब्लेंड ठरली. हॉटेलने पैसे परत केले. ही फसवणूक जिभेने पकडली नव्हती, प्रयोगशाळेने पकडली होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एवढे सगळे किंमत, आकडा आणि अक्षरे मिळून करत असतील, तर बाटली न उघडणेच सगळ्यांत फायद्याचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. याचे टोक २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात दिसले. १९२६ च्या मॅकॅलनची एक बाटली २१ लाख पौंडांच्या वर गेली. एवढ्या किमतीची व्हिस्की पाहुण्यांपुढे पेल्यात ओतायला धीर लागेल. आपल्या कपाटातल्या सीलबंद बाटल्या त्याच जातीच्या, फक्त शून्ये कमी. त्या आपण ‘खास प्रसंगा’साठी ठेवतो, जशा आईच्या पिढीने पैठण्या ठेवल्या आणि काचेचा सेट शोकेसमध्ये ठेवून स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला.

या ठेवणीची शिक्षा आम्ही भोगली आहे. २००९ मध्ये एका जिवलग मित्राने बारा वर्षांची एक माल्ट दिली होती. मुलाची दहावी झाली, नवे घर झाले, बढती झाली. दर वेळी वाटले, याहून मोठा प्रसंग येईल. बाटली माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, आडवी. निवृत्तीच्या संध्याकाळी ती खाली उतरवली तेव्हा सील न तोडताही पातळी दोन बोटे उतरलेली होती. बूच फिरवले तर अर्धे हातात आले, अर्धे चुरा होऊन आत पडले. शेवटी चहाच्या गाळणीतून चौघांचे पेग भरले. चव? भिजलेल्या पुठ्ठ्याची, मागून थोडा मध. ज्याने ती दिली होती त्याची डॉक्टरांनी तोवर बंद केली होती. तो समोर बसून कोकम सरबत पीत विचारत होता, ‘कशी आहे रे?’ आम्ही ‘मस्त’ म्हणालो.

दोष बाटलीचा नव्हता. तीव्र मद्य बुचाला खाते म्हणून व्हिस्कीची बाटली उभी ठेवायची, उन्हापासून आणि उकाड्यापासून दूर. त्याहून मोठा गैरसमज वयाचा. वाइन बाटलीत बदलत जाते. व्हिस्कीचे वय ती पिंपातून बाहेर पडली की तिथेच थांबते. २००९ ची बारा वर्षांची बाटली आज उघडली तरी बाराचीच. कपाटात ठेवून वय वाढते ते आपले. आणि एकदा उघडली की उलटी मोजणी सुरू होते. पातळी खाली जाईल तशी आत हवा वाढते आणि सुगंध विझत जातो. तळाशी चार बोटे उरलेली बाटली वर्ष-दोन वर्षे ‘राखून’ ठेवणारा माणूस उरलेली काजूकतली बुरशी येईपर्यंत जपणाऱ्यासारखाच.

पण आपले वय वाढते याची दुसरी बाजूही आहे. सातांपैकी एक बाटली स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, पीट या जळाऊ मातीच्या धुराची. महाराष्ट्रातल्या आमच्या पिढीची जीभ घडली ती उसाच्या मळीच्या मद्यार्कावर, ज्याला युरोपचा कायदा व्हिस्की म्हणू देत नाही. भरपूर सोडा, भरपूर बर्फ, मसाला पापड आणि खारे शेंगदाणे, एवढी त्या जिभेची शाळा. तिला पीटचा पहिला घोट दवाखान्याचाच लागणार. घरातून शेरा आला होता, ‘पिण्यापेक्षा जखमेवर लावा.’ बाटली सहा वर्षे मागच्या रांगेत गेली. यंदा धूळ पुसताना सहज बूच काढले, बोटभर ओतली, चमचाभर पाणी घातले. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असे मानणाऱ्यांनी २०१७ चा एक स्वीडिश अभ्यास वाचावा. मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली आले की धुराचा वास देणारा रेणू पृष्ठभागाकडे येतो, असे त्या संगणकीय मांडणीत दिसले. आम्हाला त्या संध्याकाळी एवढेच कळले, की हा दवाखाना नाही. ही पावसाळ्यातली ओली चूल आहे. आजोळच्या स्वयंपाकघरातली. सुगंध पूर्वीपेक्षा विझलेला असणार. जास्त बदलले होते ते पिणारे.

म्हणून नावडतीला लगेच मोरीत ओतू नये. आधी पाणी घालून बघावे, मग उंच पेल्यात सोडा, बर्फ आणि लिंबाची साल. तरी जमली नाही तर ज्याला तसली आवडते त्याच्या घरी ती जावी. एकाची नावडती दुसऱ्याची आवडती असते. आणि नवी बाटली घेण्याआधी जुन्या दोन संपवण्याचा नियम करावा. शुल्क किती घटेल याचा हिशेब त्यापुढे फिका पडेल.

एक मात्र विसरता कामा नये. बाटली संपत नाही, ही तक्रार करता येणे हेच एक सुख आहे. ज्या घरांत बाटली कधी उरतच नाही, त्या घरांतल्या बायकामुलांचे थर्टी फर्स्ट वेगळे असते. आमची ही सगळी थट्टा त्यांच्या दारापाशी थांबते. बाटली ‘संपवा’ असे आम्ही म्हणतो तेव्हा ती एका रात्रीत किंवा एकट्याने असे म्हणत नाही, आणि त्यानंतर गाडीच्या किल्लीला हात लावा असे तर मुळीच नाही.

रविवारी दहा बाटल्या परत कपाटात गेल्या. अकरावी, सीलबंद चारांतली एक, टेबलावरच राहिली. कोकम सरबतवाला मित्र आणि आणखी दोघे संध्याकाळी आले. प्रसंग काहीच नव्हता. बाटलीवर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहिली आणि बूच काढले. व्हिस्की कशी होती? ठीक. सव्वा लाखाची मूठ उघडली तर तीन-साडेतीन हजारांची निघाली, म्हणजे बरोबर तेवढ्याचीच. मित्राने पुन्हा विचारले, ‘कशी आहे रे?’ या वेळी आम्ही ‘ठीकठाक’ म्हणालो. तो हसला, गप्पा सुरू झाल्या, आणि साडेदहाला सगळे उठले तेव्हा पातळी त्या चार बोटांच्या रेषेखाली गेली होती.