उपसाबंदी सरकारची नको, आपली हवी

सभासद बंधू-भगिनींनो,

होळी झाली, तोडी संपत आल्या आणि नदीकाठच्या गावांतून दरवर्षीचा प्रश्न सुरू झाला : "औंदा उपसाबंदी कधी लागणार?" कुणाची आडसाली भरात आहे, कुणाचा खोडवा नुकताच फुटून आला आहे, कुणी कर्ज काढून नवी मोटार बसवली आहे. अशा वेळी पाटबंधारे खात्याचा कागद चावडीवर लागतो : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या टप्प्यात उपसा बंद. मग पारावर शिव्याशाप सुरू होतात. आम्हीही शेतकरीच. आम्हीही त्या पारावर बसतो आणि खोटे कशाला सांगावे, त्या शिव्यांत आमचाही आवाज असतो.

पण शिव्या देऊन सरीत पाणी येत नाही. म्हणून या अंकात थोडा हिशेब मांडायचे आम्ही ठरवले आहे. हिशेब कडू आहे, पण सभासदांपुढे गोड तेवढेच मांडायचे, असा या पत्रिकेचा रिवाज नाही.

आपली पंचगंगा म्हणजे पाच नद्यांचा मेळ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीपासून पुढे ती पंचगंगा म्हणून वाहते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. गगनबावड्याला जेवढा पाऊस पडतो त्याचा दहावा हिस्साच शिरोळला पडतो. म्हणजे पाणी पडते वर आणि ऊस पिकतो वरपासून खालपर्यंत. ही गोष्ट शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी हाती घेतले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. एका संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारे ते काम होते. महाराज १९२२ साली गेले आणि धरण पुरे झाले स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. ज्याने पाया घातला त्याने भरलेले धरण पाहिले नाही. आपण मात्र ते भरलेलेच पाहात आलो, म्हणून की काय, ते रिकामेही होते हे आपल्या ध्यानात राहात नाही.

आता साठा पाहू. राधानगरी आठ टीएमसीच्या थोडे वर. तुळशी साडेतीनच्या आसपास. कासारी आणि कुंभी प्रत्येकी पावणेतीनच्या आतबाहेर. चारही धरणे काठोकाठ भरली तरी सतराच्या आसपास टीएमसी पाणी होते. पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून जूनपर्यंत, म्हणजे आठ महिने, एवढ्यावर शहरांनी प्यायचे, गावांनी प्यायचे, कारखान्यांनी चालायचे आणि उसाने वाढायचे. यात सगळे पाणी वापरता येत नाही. तळाचे ठेवावे लागते आणि ऊन आपला हिस्सा आधीच काढून घेते.

उन्हाचा हिस्सा लहान नाही. एप्रिल-मे महिन्यात उघड्या पाण्यावरून रोज सात-आठ मिलिमीटरचा थर उडून जातो. सात मिलिमीटरच धरू. शंभर हेक्टरांवर पसरलेल्या पाण्यातून रोज सत्तर लाख लिटर आकाशात गेले! कुणी मोटार लावली नाही, कुणी पाणीपट्टी भरली नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल धरणात राहिलेले बरे, उथळ नदीपात्रात पसरून तापत राहिलेले वाईट. "धरणात पाणी आहे तर मग सोडत का नाहीत?" असे आपण विचारतो. त्याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर नदीच्या वाळूत आहे. कोरड्या पात्रात थोडे थोडे पाणी सोडले, तर पहिले पाणी वाळू पिते, डोह पितात, आणि मग वरच्या काठाच्या मोटारी पितात. शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पोचतो तो नुसता ओलावा. तेच पाणी एकदम, ठरल्या दिवशी, मोटारी थांबवून सोडले तर ते धावत खाली जाते, खालचा बंधारा आधी भरतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. उपसाबंदीचा खरा अर्थ एवढाच आहे. पाणी चालत असताना वाटेत त्याला कुणी अडवायचे नाही. शिक्षा म्हणून ती नाही. पण आपण तिला शिक्षा समजतो आणि शिक्षा समजल्यामुळे चुकवतो.

गेल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट आहे. गावांची नावे घेत नाही. ज्यांची आहे त्यांना ती कळेल. वरच्या अंगाचे एक सभासद आणि शिरोळकडचे एक वयस्कर सभासद कारखान्यावर काट्याजवळ भेटले. म्हातारबाबांनी विचारले, "दादा, धरणातनं पाणी सोडलं म्हणं. आमच्या बंधाऱ्यापतूर आलंच न्हाई की." दादा हसत म्हणाले, "आण्णा, आमच्याकडं तर सरी तुडुंब भरल्या. रातभर मोटार चालू होती." आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तरीच. आमच्या गावाला टँकर आला."

आम्ही तिथेच उभे होतो. दादा वाईट माणूस नव्हे. अडीअडचणीला धावून जाणारा आहे. आपल्या रात्रभराच्या मोटारीचा आणि त्या टँकरचा काही संबंध असेल, हे त्याच्या मनातच आले नव्हते. एकाच कारखान्याचे दोन सभासद, एकाच काट्यावर दोघांचा ऊस, आणि एकाच्या सरीने दुसऱ्याची घागर रिकामी केली. ही गोष्ट आम्हाला बोचत राहिली आहे, म्हणून हा लेख.

काही सभासद म्हणतील, "पुराच्या वेळी आम्हाला बुडवता आणि उन्हाळ्यात आटवता, हे कसले नियोजन?" रास्त प्रश्न आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर कुणी विसरलेले नाही. पण धरण सांभाळणाऱ्याची कोंडी समजून घ्या. पावसाळ्यात पुरासाठी जागा रिकामी ठेवावी तर पुढे पाऊस दडी मारील ही भीती. आणि लवकर भरून ठेवावे तर वरून लोंढा आल्यावर दरवाजे उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पूर आणि ओढ दोन्ही याच नदीच्या नशिबी आहेत. खात्याच्या चुका होत असतील, त्या दाखवल्याच पाहिजेत. पण चुका दाखवण्याचा अधिकार ज्याचा हिशेब चोख त्याला.

आपला हिशेब चोख आहे का? एक एकराला सात सेंटिमीटर पाणी दिले म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या वर गेले. एवढ्यात एक भरणी नीट होते. पण पाळी पुन्हा कधी येईल या धास्तीने आपण बारा सेंटिमीटर देतो. म्हणजे दोन लाख लिटर जादा. दहा हजार एकरांवर असे झाले तर एका भरणीत दोनशे कोटी लिटर, टीएमसीचा चौदावा हिस्सा. मार्च ते जून पाच भरण्या धरल्या तर एक तृतीयांश टीएमसीच्या वर, कुंभीच्या साठ्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. धरण फुटले नाही, चोरी झाली नाही, नुसत्या धास्तीने एवढे पाणी गेले.

"जादा पाणी झिरपून पुन्हा नदीलाच मिळतं," असेही काही जाणते सांगतात. काही मिळते, खरे आहे. पण ते उशिरा मिळते आणि येताना रानातले क्षार व खते घेऊन येते. आणि जे झिरपत नाही ते काय करते, हे शिरोळच्या क्षारपड रानात जाऊन पाहावे. काळीभोर, एकेकाळी ऊस डोलणारी जमीन मीठ फुटून पांढरी पडली. तिथे पाणी कमी पडले नव्हते. जास्त झाले होते.

पाणी वाटून घेणे मराठी शेतकऱ्याला नवे नाही. धुळ्याकडे पांझरेच्या काठी शेकडो वर्षे फड पद्धत चालली. रान फडांत वाटलेले, एका फडात एक पीक, पाणी सोडायला पाटकरी, आणि तूट आली तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर न देता माणशी दिले, आणि ऊस लावायचाच नाही असा दंडक केला. आम्ही ऊस उत्पादक, आम्हाला हा दंडक गोड वाटणार नाही. आम्ही ऊस सोडा असे सांगतही नाही. पण हे ध्यानात ठेवा की उसाकडे बोट दाखवणारे लोक बाहेर वाढत आहेत, आणि आपण पाण्याचा हिशेब दिला नाही तर तो दुसरा कुणीतरी आपल्याकडून घेईल. २००५ साली राज्यात दोन कायदे झाले. एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा. पाणी मोजून घ्यावे आणि लोकांनीच वाटावे, हा त्यांतला विचार. एकरी आकारणीत चार भरण्या घेणारा आणि आठ घेणारा सारखेच पैसे भरतो. मोजून घेतले की हात आपोआप आखडतो.

म्हणून आमच्या सूचना अशा :

एक, उपसाबंदीची वाट न पाहता मार्च उजाडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांनी व लिफ्ट संस्थांनी एकत्र बसावे आणि पाळीपत्रक आपणच ठरवावे. वरच्या अंगाच्या गावांनी खालच्या अंगाच्या माणसांना या बैठकीला मुद्दाम बोलवावे. पाणी सुटण्याच्या दिवशी मोटार बंद ठेवण्याचा शब्द एकमेकांना द्यावा. खात्याचा माणूस रात्रभर काठावर फिरू शकत नाही, शेजारी फिरू शकतो.

दोन, बंधाऱ्यांचे बरगे. ऑक्टोबरात ते वेळेवर बसले पाहिजेत आणि गळता कामा नयेत. एका क्युसेकची गळती म्हणजे दिवसाला चोवीस लाख लिटर, साडेआठ एकरांची भरणी. वरच्या बंधाऱ्याची गळती खालच्याला मिळते, पण शेवटच्या बंधाऱ्यातून गळाले ते आपल्याला अंतरले. बरगे कुजलेले असोत, चोरीला गेलेले असोत, गावाने सप्टेंबरातच पाहणी करून लेखी कळवावे.

तीन, खोडव्यातले पाचट पेटवू नये. एकरी तीन-चार टन पाचट सरीत पसरले की वाफसा टिकतो आणि दोन पाण्यांतले अंतर वाढते. याला पैसा लागत नाही, नुसती काडी खिशात ठेवावी लागते.

चार, नवी लागण ठिबकावरच करावी. एक आड एक सरी भिजवणे तर उद्यापासून करता येईल.

पाच, आणि हे आमच्या घरचे आहे. उन्हाळ्यात नदी बारीक झाली की घाण पाणी पातळ व्हायला जागा राहात नाही, मासे मरून वर येतात. शहरांचे सांडपाणी, उद्योगांचे सांडपाणी आणि साखर कारखान्यांचेही. सभासदाला पाचट जाळू नको म्हणणाऱ्या कारखान्याने स्वतः किती पाणी उचलले, किती पुन्हा वापरले आणि किती, कसे बाहेर सोडले, याचे आकडे दरवर्षी वार्षिक सभेपुढे ठेवावेत. हा आग्रह आम्ही संचालक मंडळाकडे धरला आहे. सभासदांनीही सभेत उठून विचारावे.

हे सारे केले तर उपसाबंदी कधीच लागणार नाही, असे आम्ही म्हणत नाही. पाऊस हातचा नाही. पण तूट आलीच तर ती तेरवाडच्या माणसाच्या एकट्याच्या वाट्याला येऊ नये, राशिवड्यापासून शिरोळपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी यावी. काट्यावर ऊस घालताना आपण वरचा आणि खालचा असा भेद मानत नाही, भाव सगळ्यांना एकच मागतो. सहकार तिथे चालतो. तो नदीकाठाच्या जॅकवेलपाशी येऊन का थांबावा?

दादा आणि आण्णा यंदाही काट्याजवळ भेटतील. त्या वेळी आण्णांनी म्हणावे, "पाणी आलं बरं का," एवढीच आमची इच्छा आहे.

कळावे. जय सहकार.