काल्पनिक यंत्राची खोटी गरिबी: पिको-८ हे इतिहासाचे साधन नव्हे

१/१४
जुन्या संगणकांविषयी लिहिणाऱ्यांत एक विधान हल्ली फार सैलपणे केले जाते: ‘पिको-८ वर एखादा खेळ लिहून पाहा, म्हणजे ऐंशीच्या दशकातील संगणक कसे होते ते कळेल.’ हे विधान चुकीचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ते का स्वीकारू नये, ते या धाग्यात मांडतो.

२/१४
प्रथम ओळख. पिको-८ हा जोसेफ व्हाइट यांनी घडवलेला ‘काल्पनिक कन्सोल’. १२८ × १२८ पिक्सेलचा पडदा, १६ रंग, ध्वनीच्या ४ वाहिन्या, ३२ किलोबाइटचे कार्ट्रिज आणि प्रोग्रामला ८१९२ टोकनांची मर्यादा, असा त्याचा आराखडा. असे यंत्र कोणत्याही कारखान्यातून कधीच बाहेर पडले नाही; ते केवळ सॉफ्टवेअरमध्ये नांदते.

३/१४
निर्मितीचे माध्यम म्हणून त्याची योग्यता वादातीत आहे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये चार दिवसांत त्यावर ‘सेलेस्ट’ रचला. २०१८ चा गाजलेला खेळ त्यातूनच वाढला. माझे भांडण या यंत्राशी नाही, निर्मात्याशी तर नाहीच. ‘काल्पनिक’ हा शब्द त्याने स्वतःच वापरला आहे. भांडण आहे ते कादंबरीला दस्तऐवज समजणाऱ्यांशी.

४/१४
मूळ प्रश्न असा: मर्यादा आली कोठून? पिको-८ चे कार्ट्रिज ३२ किलोबाइटचे आहे, कारण निर्मात्याला तेवढे पुरेसे आणि सुंदर वाटले. खऱ्या यंत्रांत मर्यादा ठरवणारा हिशेबनीस निराळा होता: मेमरी चिपची किंमत. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये रॅम होती १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट.

५/१४
१२८ बाइटांत पडद्याचे चित्र साठवणे अशक्य. म्हणून त्या यंत्रात पडद्यासाठी मेमरीच ठेवली नाही. दूरचित्रवाणीची इलेक्ट्रॉन शलाका एकेक ओळ आखत जाई आणि त्या ओळीत काय दिसावे, हे प्रोग्रामला ऐन वेळी टीआयए चिपला सांगावे लागे. एका ओळीसाठी प्रोसेसरची आवर्तने मिळत ७६. सर्वांत जलद आज्ञेलाही दोन आवर्तने लागत. म्हणजे ओळीमागे जास्तीत जास्त ३८ आज्ञा.

६/१४
आता पिको-८ पाहा. त्यात एकट्या पडद्यासाठी ८१९२ बाइट राखून ठेवलेले आहेत, अटारीच्या संपूर्ण रॅमच्या ६४ पट! ‘येथे वर्तुळ काढ’ म्हटले की वर्तुळ निघते. शलाकेशी शर्यत लावण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. त्या शर्यतीत ज्याने कधी घाम गाळला नाही, त्याला अटारीच्या प्रोग्रामरचे दुःख कळले असे कसे म्हणावे?

७/१४
दुसरे उदाहरण १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमचे. पडदा २५६ × १९२, म्हणजे ४९,१५२ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला सोळापैकी हवा तो रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट हवेत. स्वस्त प्रतिकृतीत एकूण रॅमच होती १६ किलोबाइट. मग रिचर्ड अल्टवॉसर यांच्या आराखड्यात तोडगा निघाला: प्रत्येक पिक्सेलला एक बिट, त्याचे ६१४४ बाइट; आणि ८ × ८ च्या प्रत्येक चौकटीला रंगांची एक नोंद, तिचे ७६८. एकूण ६९१२.

८/१४
या काटकसरीची किंमत पडद्यावर दिसे. एका चौकटीत दोनच रंग मावत. त्यामुळे तांबडा नायक हिरव्या झाडासमोरून गेला की झाड तांबडे होई, नाहीतर नायक हिरवा. १९८४ च्या ‘नाइट लोअर’मधील खोल्या एकरंगी आहेत, त्यामागे हीच अडचण होती. ज्याला आपण आज ‘शैली’ म्हणून मिरवतो, ती पुष्कळदा अशी तडजोड होती.

९/१४
पिको-८ मध्ये कोणत्याही पिक्सेलला कोणताही रंग देता येतो. तेथे ही टक्कर घडतच नाही. आणि ऐका: ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रममध्ये वरच्या ३२ किलोबाइटसाठी अर्धा भाग सदोष असलेल्या ६४ किलोबिटच्या चिप वापरल्या गेल्या, चांगला अर्धा भाग कामाला लावला. कारखान्याचा हिशेब असा थेट बोर्डावर उमटलेला असतो. काल्पनिक यंत्रात सदोष चिप कोठून येणार?

१०/१४
भाषेचेही तसेच. पिको-८ चे प्रोग्राम लुआ भाषेत लिहितात. लुआ जन्मली १९९३ मध्ये, रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात. तिच्यासाठी पिको-८ देतो २ मेगाबाइट मेमरी, ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रमहून ४२ पटींनी अधिक. १९८४ मधल्या मुलापुढे पर्याय होते संथ बेसिक किंवा झेड८० ची असेंब्ली.

११/१४
आक्षेप येईल: ‘मर्यादा महत्त्वाची, ती कोणी घातली याने काय बिघडते?’ कलावंताचे काही बिघडत नाही. इतिहासकाराचे मात्र सर्वस्व बिघडते, कारण ‘का’ हाच त्याचा विषय. शिवाय ‘टंचाईतून प्रतिभा फुलते’ ही गोड कथा उरलेल्यांना पुसून टाकते. स्पेक्ट्रमची किंमत होती १२५ आणि १७५ पौंड. ज्यांना तेवढेही परवडले नाही, ज्यांचे खेळ मेमरीअभावी अर्धवट राहिले, त्यांची टंचाई कोणाला फुलवून गेली? पुढे स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती भारतातही आली. तरी घरात संगणक असणे ही आपल्याकडे तेव्हा अपवादाचीच गोष्ट होती.

१२/१४
दुसरा आक्षेप अधिक धारदार: ‘एम्युलेटर तरी काय, सॉफ्टवेअरच ना?’ होय. पण एम्युलेटर खऱ्या बोर्डाला बांधील असतो. तो चुकू शकतो, आणि मूळ यंत्राशेजारी ठेवून त्याची चूक सिद्ध करता येते. पिको-८ ला ताडून पाहावे असे मूळ यंत्रच नाही. जे चुकूच शकत नाही, ते पुरावा होऊ शकत नाही.

१३/१४
मराठी वाचकाला हा मुद्दा नवा नसावा. बखरीतील रसाळ कथा आणि समकालीन पत्र यांची प्रत सारखी नसते, हे राजवाड्यांनी आपल्याला शिकवले. अस्सल कागदांसाठी ते गावोगाव हिंडले. तीच साधनचिकित्सा यंत्रांनाही लावली पाहिजे. सर्किटचा आराखडा, चिपची पुस्तिका, खुद्द बोर्ड, हे या इतिहासाचे अस्सल कागद होत.

१४/१४
तेव्हा पिको-८ वर खुशाल खेळ लिहा, आनंदाने लिहा. मात्र त्याच्या आधारे १९८२ विषयी विधान करण्यापूर्वी स्पेक्ट्रमच्या एम्युलेटरवर एक तांबडा नायक हिरव्या झाडासमोरून चालवून दाखवा. आणि कोणत्याही जुन्या यंत्राची मर्यादा वर्णन करताना तीन गोष्टी लिहा: ती कोणी घातली, कोणत्या खर्चापायी घातली आणि तिचा भार कोणी वाहिला. या तिन्हींची उत्तरे नसतील, तर त्या लेखाला आठवणींचा लेख म्हणा. इतिहास म्हणू नका.