पर्वताचे नाव

उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच शिखर कोणते, असे भूगोलाच्या तासाला विचारले की वर्गातून दोन उत्तरे येतात. कोणी ‘मॅकिन्ली’ म्हणतो, कोणी ‘देनाली’. आम्ही दोघांनाही गुण देतो. परंतु या दोन नावांची योग्यता सारखीच आहे काय? आमच्या मते नाही. आणि असे का, ते येथे सांगावेसे वाटते.

हा पर्वत अलास्कात असून त्याची उंची २०,३१० फूट आहे. त्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या राहत आलेल्या कोयुकोन लोकांच्या भाषेतून ‘देनाली’ हे नाव आले. त्याचा अर्थ ‘उंच असलेला’. दक्षिणेकडील देनाइना लोकांचे या पर्वताचे नाव निराळे, पण त्याचाही अर्थ ‘मोठा डोंगर’ असाच. ज्यांनी रोज मान वर करून त्याच्याकडे पाहिले, त्यांनी जे दिसले तेच नाव ठेवले.

दुसऱ्या नावाची कथा वेगळी आहे. १८९६ साली विल्यम डिकी नावाचा एक गृहस्थ सोन्याच्या शोधात अलास्कात गेला होता. ओहायो राज्याचे विल्यम मॅकिन्ली यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्याची वार्ता त्याला परतताना कळली. तो त्यांचा पक्षपाती. त्याने पर्वताला त्यांचेच नाव देऊन टाकले. मॅकिन्ली पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९०१ साली मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले. अलास्कात त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते. तथापि १९१७ साली सरकारने तेथील राष्ट्रीय उद्यान याच नावाने स्थापन केले.

त्यापूर्वीच, ७ जून १९१३ रोजी, चौघे जण शिखरावर पोहोचले होते. सर्वांत आधी माथ्यावर पाय ठेवणारा वॉल्टर हार्पर हा तरुण कोयुकोन आईचा मुलगा होता. त्याचे सहकारी धर्मोपदेशक हडसन स्टक यांनी १९१४ साली या आरोहणावर पुस्तक लिहिले. पर्वताला त्याचे मूळ नाव परत द्यावे, अशी विनंती त्यांनी त्यात केली.

त्या विनंतीला फळ येण्यास शंभर वर्षे लागली. १९७५ साली अलास्का राज्याने ‘देनाली’ हे नाव स्वीकारले. परंतु ओहायोच्या प्रतिनिधींनी राष्ट्रीय पातळीवर तो निर्णय अडवून धरला. १९८० साली उद्यानाचे नाव बदलले, पर्वताचे मात्र तेच राहिले. २०१५ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सरकारने ‘देनाली’ मान्य केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने सरकारी नकाशावर पुन्हा ‘मॅकिन्ली’ आले. अलास्काच्या विधिमंडळाने ‘देनाली’ हेच नाव ठेवावे असा ठराव केला.

वध झालेल्या राष्ट्राध्यक्षाची स्मृती जपण्यात गैर काय, असे कोणी विचारील. गैर काहीच नाही. त्यांच्या नावाने शाळा काढावी, रस्ता बांधावा, पुतळा उभारावा. परंतु ज्याला आधीच नाव आहे, तो पर्वत म्हणजे रिकामी पाटी नव्हे. आपल्या हिमालयातील सर्वोच्च शिखराला १८६५ साली जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले, तेव्हाही तिबेटी लोकांच्या तोंडी ‘चोमोलुंगमा’ होतेच. स्वतः एव्हरेस्ट साहेबांनी तर आपले नाव या देशातील लोकांना उच्चारता येणार नाही, अशी हरकत घेतली होती!

दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. आम्ही घरी कोकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. दोन्ही भाषांत ‘मडगाव’ हे मडगावच आहे. पोर्तुगीज लेखणीला ‘ड’ साधेना, म्हणून तिने ‘र’ लिहिला. ते राज्य १९६१ साली गेले, पण रोमन लिपीतील तो ‘र’ पाट्यांवर राहिला, आणि आज आमचीच काही मुले पाटी वाचून ‘मार्गाव’ म्हणतात. त्यांना तसे म्हणण्याचा आदेश कोणी दिलेला नाही.

म्हणून आम्हांस वाटते की, नाव आदेशाने जितके मरते त्याहून अधिक ते आपल्या मौनाने मरते. देनाली टिकले ते ते म्हणणारी माणसे होती म्हणून. तुमच्या घरामागची टेकडी, झर, शेताचा तुकडा, ओहळावरचा उतार, यांना आजीच्या तोंडी नावे आहेत; ती कोणत्याही नकाशात सापडणार नाहीत. या सुटीत ती विचारून घ्या, अर्थासह वहीत उतरवा, आणि मुख्य म्हणजे बोलताना वापरा. एवढे मागून आम्ही लेखणी ठेवतो.